नुसत्या पानाचा फोटो नको, बाग दाखवा: डोळा वस्तू ओळखतो ती भोवतालावरून

पोंगा_रावेर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी रावेर-यावल भागात केळीच्या बागा बघतो, सल्ला देतो. पाऊस सुरू झाला की दिवसभर मोबाईलवर फोटो येत राहतात आणि त्यातले बहुतेक एकाच साच्यातले असतात. पान हातात धरलेलं, कॅमेरा पानाला टेकेल इतका जवळ, चौकटीत पिवळा पट्टा आणि फार तर अंगठा. खाली प्रश्न: "भाऊ, काय रोग शे? काय मारू?"

पाठवणाऱ्याला वाटतं, जेवढं जवळून दाखवू तेवढं ह्याला नीट कळेल. माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून हा धागा.

शिरांना समांतर जाणारे फिकट पिवळे पट्टे घ्या. हा हरण्या असू शकतो, म्हणजे सीएमव्ही, काकडीवर्गीय पिकांवर येणारा तोच मोझॅक व्हायरस. अन्नद्रव्याची कमतरता असू शकते. शेजारच्या वावरातलं तणनाशक वाऱ्यावर आलं असेल तरी पानाचा रंग उडतो. तिघांचे उपाय तीन तऱ्हेचे. हरण्या असेल तर झाड उपटून लांब नेऊन नष्ट करायचं, कारण त्यावर औषध नाही. कमतरता असेल तर खताचं बघायचं आणि झाड ठेवायचं. चौकटीत फक्त पट्टा असेल तर ह्यातलं काय म्हणून सांगू?

तोच मी बांधावर उभा असलो की पान हातात घ्यायच्या आधीच निम्मा अंदाज आलेला असतो. हरण्याची झाडं विखुरलेली दिसतात, एक इथे, काही झाडं सोडून एक तिथे, कारण मावा उडत उडत तो पसरवतो. एक अख्खी ओळ पिवळी असेल तर मी आधी ठिबकची नळी तपासतो. उताराकडचा कोपराच पिवळा असेल तर पाणी कुठे साचतंय ते बघतो. शेजारी काकडी, गिलके, चवळी लावली आहे का? पट्टे पोंग्याजवळच्या (पोंगा म्हणजे शेंड्यातलं गुंडाळलेलं नवं पान) कोवळ्या पानावर आहेत की खालच्या जुन्या पानावर? मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं आधी सांगतात, हरण्या नव्या पानांवर दिसतो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आहे की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), लागवडीला किती महिने झाले? ह्यातलं काहीच डागात नाही, सगळं डागाच्या भोवती आहे.

माझं म्हणणं असं की भोवताल ही वस्तूमागची सजावट नव्हे. ओळखण्याचं निम्मं काम तोच करतो आणि आपण फोटो काढताना नेमका तोच कापून टाकतो. हे फक्त केळीपुरतं आहे की माणसाचा डोळाच असा चालतो? इथे मानसशास्त्रवाले आहेत, रेल्वेवाले आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत. सविस्तर लिहा.

---

मानसी_जळगाव

पोंगाभाऊ, फार चांगला विषय काढलात. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि 'संवेदन' हा घटक आला की मुलांना हेच सांगायचा प्रयत्न करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: डोळाच असा चालतो, आणि ते प्रयोगांतून दिसलेलं आहे.

१९७२ साली अर्व्हिंग बीडरमन ह्यांनी रस्ता, खोली अशा नेहमीच्या दृश्यांचे फोटो घेतले, त्यांचे तुकडे केले आणि तुकड्यांची जागा अदलाबदल केली. मात्र ज्या तुकड्यात विचारायची वस्तू होती तो जागेवरच ठेवला. फोटो क्षणभर दाखवायचा आणि ठरावीक जागी काय होतं ते विचारायचं. वस्तू तीच, जागा तीच, फक्त आजूबाजूचं विस्कटलेलं, तरी ओळखण्यात चुका वाढल्या. कुठे बघायचं आणि काय शोधायचं हे आधी सांगून ठेवलं तरीसुद्धा फरक राहिला. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नजर भरकटली म्हणून चुकलं, असं म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही.

मग १९७५ मध्ये स्टीफन पामर ह्यांचा प्रयोग आला. आधी एका स्वयंपाकघराचं चित्र दाखवायचं. ते काढून मग एक वस्तू पापणी लवायच्या आत दाखवून काढून घ्यायची. कधी पावाचा लोफ, कधी अमेरिकेतल्या खेड्यांत घराबाहेर असते तशी टपालपेटी, जिचा आकार लोफसारखाच असतो, तर कधी तिथे शोभणारच नाही असा ढोल. स्वयंपाकघराला साजेशी वस्तू सुमारे ८० टक्के वेळा बरोबर ओळखली गेली, आणि न साजेशी, पण आकाराने फसवणारी वस्तू सुमारे ४० टक्के वेळा. आधी काहीच दृश्य दाखवलं नाही तर आकडा ह्या दोहोंच्या मधे. म्हणजे योग्य भोवताल मदत करतो, आणि चुकीचा भोवताल तर काहीच नसण्यापेक्षा वाईट.

म्हणून एक भर घालते. तुमच्याकडे फोटो पाठवताना लोक सोबत लिहीत असतील ना, "शेजारच्याच्या बागेत हरण्या आलाय, माझ्याकडेही तोच दिसतो"? हे वाक्यसुद्धा भोवतालच आहे, आणि ते तुमच्या डोळ्यावर काम करतं.

---

वावरना_राजा

भाऊ, आमना वावरमा बी आसंच व्हस. रातले पानी देवाले गयं का बुजगावनं मानूस दिसस. दिवसले तेच बुजगावनं कोनी दखत बी नही.

---

अमळनेरकर

वावरना राजा ह्यांनी जे लिहिलं तेच उदाहरण आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, शतकानुशतकं देत आले आहेत: स्थाणुर्वा पुरुषो वा. संधिप्रकाशात दूर काहीतरी उभं आहे. तो वठलेल्या झाडाचा खुंट की माणूस?

त्यांचं विश्लेषण बारकाईने बघण्यासारखं आहे. दोघांत सारखं असतं ते म्हणजे उंची आणि घेर, आणि डोळ्याला तेवढंच मिळतं. वेगळेपणा दाखवणारी खूण मिळत नाही. खुंट असेल तर त्याला वाकडेपणा, ढोल्या हव्यात. माणूस असेल तर हात-पाय, डोकं. पण ह्या खुणा आधी कधीतरी पाहिलेल्या असतात आणि आत्ता फक्त आठवतात. समोरचं अपुरं दर्शन आणि मनातली आठवण ह्यांच्या ओढाताणीत संशय जन्मतो. दोरी-साप, शिंपला-चांदी ही दुसरी उदाहरणं तर सगळ्यांना माहीत आहेत. शिंपल्यात चांदी दिसते तेव्हा ती चांदी कुठून आली? न्यायमताप्रमाणे इतरत्र पूर्वी पाहिलेली चांदी आठवणीच्या वाटेने इथे येऊन बसते. त्याला ते अन्यथाख्याती म्हणतात.

आमच्या अमळनेरला प्रतापशेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. भ्रम म्हणजे काय, डोळा कितपत विश्वासाचा, ह्या प्रश्नांवर खान्देशच्या मातीत गंभीर अभ्यास झालेला आहे हे नव्या पिढीला कळावं म्हणून मुद्दाम लिहितो.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. जुन्या चर्चेत भर आठवणीवर आणि अंधुक प्रकाशावर आहे. वस्तूच्या शेजारी काय आहे ह्याचा वेगळा हिशोब मला तिथे फारसा दिसलेला नाही. मानसीताईंनी दिलेल्या प्रयोगांत तोच मांडलेला आहे.

---

गिरणाकाठ

वाचतोय. पण मानसीताई, एक शंका. स्वयंपाकघर बघितल्यावर माणूस 'पाव' म्हणणारच. नीट दिसलं नाही तरी अंदाजाने म्हणेल, आणि अंदाज बरोबर निघेल. मग भोवतालामुळे 'दिसलं' की भोवतालामुळे 'ठोकून दिलं'? दोन्हींत फरक आहे की नाही?

---

मानसी_जळगाव

गिरणाकाठ, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हा आक्षेप संशोधकांनीही घेतला. १९९८ मध्ये हॉलिंगवर्थ आणि हेंडरसन ह्यांनी असे प्रयोग केले की अंदाजाचा फायदा मिळूच नये. उदाहरणार्थ, दोन्ही पर्याय त्या दृश्यात सारखेच शोभतील असे ठेवायचे, म्हणजे दृश्यावरून उत्तर निवडता येणार नाही. तेव्हा साजेशा वस्तूंचा तो फायदा दिसेनासा झाला. त्यांचं म्हणणं, डोळा वस्तू आपली आपणच ओळखतो, दृश्याचा परिणाम नंतर, उत्तर देताना होतो.

त्यावर २००४ मध्ये डेव्हनपोर्ट आणि मॉली पॉटर ह्यांनी रंगीत फोटो वापरले, फक्त ८० मिलिसेकंद दाखवले. फुटबॉलचा खेळाडू मैदानावर आणि तोच चर्चमध्ये, पाद्री चर्चमध्ये आणि तोच मैदानावर. फोटोतल्या वस्तूचं नाव सांगायचं. जुळणाऱ्या जागी वस्तू जास्त अचूक ओळखल्या गेल्या. आणि गंमत अशी की उलटंही खरं ठरलं: माणूस जागेशी जुळणारा असला की जागाही जास्त अचूक ओळखली गेली. म्हणजे दृश्य आणि वस्तू एकमेकांना हात देतात.

माझं मत विचाराल तर दोन्ही होतं. मोशे बार ह्यांची मांडणी मला पटते: दृश्याचा धूसर, ढोबळ आराखडा मेंदूत आधी पोचतो, त्यावरून 'इथे काय काय असू शकतं' ह्याची छोटी यादी तयार होते, आणि बारीक तपशील मागून येऊन त्या यादीतून निवड करतो. हे बारीक तपशील नीट दिसलेच नाहीत तर यादीतलं पहिलं नाव तोंडातून जातं. तुम्ही ज्याला 'ठोकून देणं' म्हणता ते तेव्हा होतं.

ह्यातली सोपी गोष्ट घरी करून बघता येते. हाताने लिहिलेला 'ख' घ्या, खालचा जोड सुटलेला. 'खाना' लिहिलं तर कुणी 'रवाना' वाचेल, कुणी 'खाना'. आता त्याच अक्षरांच्या आधी 'पत्र' लिहा, आणि दुसऱ्या कागदावर आधी 'दवा' लिहा. शाई तीच, रेघा त्याच, पण पहिल्या कागदावर 'रवाना' वाचताना अडखळायला होत नाही आणि दुसऱ्यावर 'खाना' वाचताना.

---

भुसावळ_लोको

मी लोको पायलट आहे. ह्या धाग्यावर लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

आमच्याकडे नव्या सेक्शनवर गाडी सोपवण्याआधी रस्ता शिकवतात. नुसता नकाशा बघून चालत नाही, प्रत्यक्ष त्या मार्गावर जावं लागतं, रात्रीसुद्धा. का? कारण सिग्नल ओळखायचा म्हणजे दिवा ओळखायचा असं नाही. भुसावळसारख्या यार्डात रात्री समोर दिव्यांची रांग असते. त्यात शेजारच्या लाईनचे सिग्नल, गावातले दिवे, फाटकावरचे दिवे, सगळं असतं. माझा सिग्नल कोणता हे कळतं ते वळणावरून, पुलावरून, ओव्हरब्रिजच्या कोणत्या बाजूला तो उगवतो त्यावरून. पोंगाभाऊ म्हणतात तसं, भोवतालाशिवाय दिवा म्हणजे नुसता ठिपका.

पण दुसरी बाजू जिवावरची आहे. एखादा सिग्नल रोज हिरवा मिळतो. वेळ तीच, गाडी तीच, वळण तेच. डोळ्याला त्या जागी हिरवा बघायची सवय लागते. म्हणून सिग्नलचा रंग आम्ही मोठ्याने पुकारतो. मीही बघायचं, सहायकानेही बघायचं, दोघांनी बोलायचं. दोघांचं जुळलं नाही तर गाडी आवरती घ्यायची. कोणता सिग्नल आपला, हे भोवतालाला विचारायचं. रंग कोणता, हे फक्त सिग्नलला विचारायचं. ही फारकत आमच्या हाडात मुरवलेली असते, आणि तुमच्या बागेतही ती लागू पडेल असं मला वाटतं.

---

पोंगा_रावेर

लोकोदादा, शंभर टक्के लागू पडते. बांधावरून मी हरण्या म्हणतो तो अंदाज. ते झाड उपटायला सांगण्याआधी पोंगा आणि त्याखालची पानं जवळून बघावीच लागतात, आणि शंका उरली तर नमुना प्रयोगशाळेत एलायझा चाचणीला, म्हणजे व्हायरस आहे का ते तपासायला. आजूबाजूच्या बागांत साथ असली की माझा डोळाही प्रत्येक पिवळ्या पानावर हरण्या बघायला लागतो. मानसीताई म्हणाल्या ते वाक्य मला रोज येतं. ह्यापुढे आधी फोटो बघेन आणि मजकूर मागून वाचेन.

---

धुळेकर_पुण्यात

कॉम्प्युटरवाला हजर आहे.

मोबाईलवर पानाचा फोटो टाका, रोग ओळखून देतो, अशी ॲप तुम्ही बघितली असतील. ह्यामागचा एक गाजलेला अभ्यास २०१६ चा आहे. ५४,३०६ पानांचे फोटो, ३८ प्रकार, आणि मशीनने चाचणीत ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. ऐकून वाटतं, झालं काम. पण हे सगळे फोटो पान तोडून, साध्या एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले होते. त्याच संशोधकांनी दुसरीकडचे, वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. त्यांनी हे स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. २०२२ मध्ये एका संशोधकाने त्याच संग्रहातल्या प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेतले. पान नाहीच, फक्त मागच्या कागदाचे आठ ठिपके. तेवढ्यावर मशीनने ४९ टक्के उत्तरं बरोबर दिली. नुसत्या नशिबावर सोडलं असतं तर तीन टक्केही आली नसती. म्हणजे एका रोगाचे फोटो एका दिवशी, एका उजेडात, एका कागदावर काढले गेले आणि मशीनने कागद पाठ केला.

आणि हे फक्त पानांचं नाही. २०१८ मध्ये जंगलातल्या ट्रॅप कॅमेऱ्यांच्या फोटोंवर काम झालं. ज्या कॅमेऱ्यांवर मशीन शिकलं तिथे ते प्राणी चांगले ओळखत होतं, नव्या जागच्या कॅमेऱ्यावर चुका खूप वाढल्या. त्यांनी दिलेलं उदाहरण गाईचं आहे: कुरणातली गाय मशीन लगेच ओळखतं, समुद्रकिनाऱ्यावरची गाय त्याला सापडत नाही. उद्या यावल अभयारण्यातल्या कॅमेऱ्यांसाठी परदेशात शिकवलेलं मॉडेल कुणी आणलं तर आधी हेच तपासायला लागेल.

माणूसही भोवताल वापरतो आणि मशीनही. पण किनाऱ्यावर गाय दिसली तर माणूस क्षणभर थबकतो आणि 'गायच आहे' म्हणतो. ते थबकणं मशीनला अजून नीट शिकवता आलेलं नाही. माझ्या मते ह्या क्षेत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

---

पथारी_नंदुरबार

आमच्या घरचा मिरचीचा धंदा. नंदुरबारच्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर) लाल मिरची पसरलेली असते तेव्हा माल बघणारे अनुभवी लोक मूठभर मिरची उचलून बाजूला घेतात, ढिगावर ठेवून रंग ठरवत नाहीत. निळ्या ताडपत्रीवर तीच मिरची वेगळी भासते आणि कोरड्या मातीवर वेगळी. शेजारचा रंग आपल्या रंगाला बदलतो, हे फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ग्रंथ लिहून मांडलं होतं. तो गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, त्याने धागा तपासला तर रंगात दोष नव्हता, शेजारी विणलेल्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता.

केळीवाल्यांना प्रश्न: हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोतला पिवळा रंग कितपत खरा धरता?

---

मानसी_जळगाव

पथारीदादा, केळीचाच एक प्रयोग सांगते, खास जळगावकरांसाठी. २००६ मध्ये जर्मनीत गीसेनच्या संशोधकांनी लोकांना पडद्यावर केळ्याचं चित्र दिलं आणि सांगितलं, बटणं फिरवून हे अगदी राखाडी करा, कुठलाच रंग राहू देऊ नका. लोकांनी केळं राखाडीच्या थोडं पुढे, किंचित निळसर करून ठेवलं. का? कारण खरोखर राखाडी असलेलं केळंसुद्धा त्यांना अजून पिवळट वाटत होतं, म्हणून ते पिवळेपण मारायला निळ्याकडे सरकले. नुसत्या रंगीत ठिपक्यांच्या बाबतीत असं झालं नाही. 'हे केळं आहे' ही ओळख रंगात मिसळते.

---

तापीची_लेक

एक साधा अनुभव. पुण्यात स्टेशनवर एक गृहस्थ समोरून आले. चेहरा शंभर टक्के ओळखीचा, पण कोण ते आठवेना. ते "काय गं, कधी आलीस?" म्हणाले तरी कळेना. नंतर लक्षात आलं, गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका. लहानपणापासून बघितलेले, पण नेहमी त्या काउंटरच्या मागे. हाही भोवतालाचाच भाग का?

---

मानसी_जळगाव

हो ताई, तंतोतंत. जॉर्ज मँडलर ह्यांनी १९८० मध्ये ह्याच अनुभवाचं उदाहरण दिलं: बसमध्ये दिसलेला खाटीक. ओळखीचं वाटणं आणि 'हा अमुक' असं सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चेहऱ्यावर भागतं, दुसऱ्याला काउंटर लागतो.

---

पोंगा_रावेर

पथारीदादा, शेडनेटखालचा पिवळा मी धरतच नाही. पान नेटच्या बाहेर आणायला सांगतो, सावलीत पण उघड्या आभाळाखाली, आणि शेजारी एक पांढरा कागद ठेवायला सांगतो. कागद फोटोत हिरवट आला तर पानाचा रंगही तेवढा सरकलेला आहे हे कळतं.

बाकी सगळ्यांना विनंती. पहिला फोटो बांधावरून, जास्तीत जास्त ओळी दिसतील असा. मग एक अख्खं झाड, जमिनीपासून पोंग्यापर्यंत. डागाचा फोटो सगळ्यात शेवटी. आणि शेजारी एक निरोगी झाड असेल तर तेही पाठवा, तुलनेला फार उपयोगी पडतं.

---

गिरणाकाठ

फोटोऐवजी व्हिडिओ चालेल का?

---

मानसी_जळगाव

मला वाटतं, चांगलाच चालेल. पवन सिन्हा ह्यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात आपल्याकडच्या जन्मांध रुग्णांवर उशिरा शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी दिली गेली. सुरुवातीला स्थिर चित्रात एक वस्तू कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे त्यांना उमगत नव्हतं. एकमेकांवर आलेले दोन आकार त्यांना तुकडे-तुकडे दिसत. वस्तू हलवली की ती वेगळी उमगू लागली. केळीच्या बागेत पानावर पान असतं, तिथे हालचालीने नक्कीच मदत होईल.

---

पोंगा_रावेर

चालेल, फक्त सावकाश चाला. बांधावरून सुरू करा, ओळीच्या कडेने आत या, पिवळं झाड आलं की थांबा, आणि मग कॅमेरा खालच्या पानापासून वर पोंग्याकडे न्या. चालता चालता लागवडीचा महिना, शेवटचं खत आणि शेजारी कोणतं पीक आहे ते बोला. "हरण्याच आहे" एवढं मात्र बोलू नका.